मूळमातेचं पदक

रत्नागिरीत आल्यापासून मी चार घरमालक पाहिले. त्यांतल्या एकानेच मला खोली दाखवण्याआधी माझा वास घेतला.

मी तेव्हा मिरजोळ्याला, कोळंबी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. मी सांगलीकडची, जन्माची शाकाहारी. कोळंबी खायची नाही, फक्त तपासायची, हे मी दारात उभी राहून दोनदा सांगितलं. तरी ते पायरी उतरून खाली आले, माझ्या खांद्यापाशी नाक आणलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "खाडी येत्ये." थोडा विचार करून पुढे म्हणाले, "मागल्या दाराने यायचं. न्हाणीघर मागेच आहे. आंघोळ झाल्यावर माडी."

मी ते कबूल केलं. खोली हवेशीर होती, कारखान्याची बस कोपऱ्यावरून सुटत होती, आणि मला तेव्हा स्वाभिमानापेक्षा बसची गरज जास्त होती.

सगळी आळी त्यांना भाऊ म्हणायची. सरकारी मोजणी खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते, पण मोजणी त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. सकाळी पूजा आटोपली की हातात टेप घेऊन ते घरामागच्या नारळी-पोफळीच्या आगरात उतरत. शेजाऱ्यांचा एक फणस होता. झाड शेजाऱ्यांच्या हद्दीत, फांद्याही त्यांच्याच हद्दीत. सावली मात्र दुपारनंतर भाऊंच्या आगरात पडे. ती सावली मोजून भाऊंनी शेजाऱ्यांना रजिस्टर पत्र पाठवलं होतं : 'आपली सावली आमच्या मिळकतीत साडेतीन फूट आली आहे, तरी योग्य ती कारवाई करावी.' शेजारी भला माणूस. तो पत्र घेऊन पुढच्या खळ्यात आला आणि विचारायला लागला, "भाऊ, सावली तोडायची कशी हो?" भाऊ म्हणाले, "तो तुमचा प्रश्न."

अशा माणसाने आपल्या कुळाची मोजणी काढली नसती तरच नवल.

एका आडनावाची सगळी माणसं शोधून त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची यादी छापायची, तिला कुलवृत्तांत म्हणायचं आणि मग सगळ्यांना एका मंगल कार्यालयात जमवून जेवू घालायचं, हा छंद कोकणात पुष्कळांना असतो. भाऊंना त्याचा रोग झाला होता. त्यांनी प्रत्येक माणसाला नंबर दिला होता : आधी शाखा, मग पिढी, मग घरातला क्रम. मुंबईहून चुलत पुतण्या आला की ते पडवीतूनच ओरडत, "या, तीन-अकरा-दोन!" पुतण्याची बायको आत जाऊन डोळे पुसायची की हसायची, मला कधी कळलं नाही. आपल्याच आडनावाच्या अनोळखी लोकांना ते पत्रं धाडत. नागपूरच्या एका गृहस्थांनी उलट टपाली कळवलं की पुन्हा पत्र पाठवलंत तर पोलिसांत जाईन. भाऊंनी ते पत्र फायलीत लावलं आणि वर लिहिलं : 'शाखा पाच. रुसलेली.'

कुणी गेल्याचं कळलं की भाऊ समाचाराला तिसऱ्या दिवशी हजर. खिशात छापील फॉर्म. मयताचं पूर्ण नाव, मूळ गाव, संतती. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. सून रडत रडत सासऱ्यांचं नाव सांगत होती आणि भाऊ तिला थांबवून विचारत होते, "वेलांटी पहिली की दुसरी?"

या सगळ्या डोलाऱ्याच्या कळसावर ते पदक होतं.

अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, लांबट गोल. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर रंगवलेली एका बाईची तसबीर, भोवती सोन्याची कडा, आणि त्या कडेवर खसखशीहून थोडे मोठे मोती ओळीने बसवलेले. काम खरोखरच देखणं होतं. बाईच्या पापण्यासुद्धा एकेक रंगवलेल्या. एका हातात गुलाबाचं फूल, ते नाकापाशी धरलेलं. डोक्यावर टोकदार टोपी, टोपीला तुरा.

"ही आमची मूळमाता," भाऊंनी मला पहिल्यांदा दाखवताना सांगितलं. पदक तांदळाच्या डब्यात असे, कारण पावसाळ्यात तिच्या गालावर बुरशी धरायची. दसऱ्याला बाहेर काढून, कापसाने पुसून, हळदकुंकू वाहून परत तांदळात. "आमचा मूळपुरुष आरमारात होता. त्याची ही पत्नी. पिढी शून्य."

"पण टोपी घातलीय," मी म्हटलं.

"समुद्रावर वारा असतो."

"आणि फूल?"

"वास घेत्ये. आमच्या घराण्यात नाक तीक्ष्ण."

त्यांनी तिला नावही दिलं होतं, माहेर दिलं होतं. खाडीपलीकडचं एक गाव तिच्या माहेरासाठी नक्की करताना त्यांनी तीन महिने घातले होते. त्या गावच्या लोकांना अजून पत्ता नसेल.

घरात आणखी एक माणूस होतं. भाऊंची मोठी बहीण, आक्का. ऐंशीच्या पुढची, लग्न न झालेली, काटकुळी. ती सदैव मागल्या बाजूला असायची : चुलीपाशी, न्हाणीपाशी, नाहीतर मागल्या पायरीवर काहीतरी सोलत. मी मागल्या दाराने येणारी, त्यामुळे माझी ओळख भाऊंपेक्षा तिच्याशी जास्त. ती माझा वास घेत नसे. पाण्याचा हंडा तापवून ठेवी आणि म्हणे, "न्हा गो आधी, दमलीस."

मूळमातेचा खरा पत्ता मला रविवारच्या एका दुपारी लागला, तोही सहज. फोनवर दागिने बघत पडले होते. जुने, परदेशात विकायला ठेवलेले. आणि एकदम ती समोर आली. तीच टोपी, तोच तुरा, तोच गुलाब नाकाशी. खाली लिहिलं होतं की ही मोगल बेगम. साहेबाच्या राज्यात दिल्लीच्या बाजारात असल्या तसबिरी गोऱ्या मडमांना आठवण म्हणून घेऊन जायला ढिगाने रंगवल्या जात. मी खाली सरकवत गेले. तशीच दुसरी, तशीच तिसरी. कुणाच्या कडेला मोती, कुणाच्या कडेला नुसती चांदी. पंधरा-वीस तर मीच मोजल्या.

मी धावत खाली गेले आणि फोन भाऊंच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सगळ्या बायका शांतपणे पाहिल्या. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतो.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "शाखा कुठवर पसरली आहे ती!"

"भाऊ, ही मोगल बेगम आहे."

"असं ते लिहितात. विकणारा काहीही लिहितो. यांतल्या कुणाचा पत्ता मिळेल का? फॉर्म पाठवतो."

पुराव्याने ज्याचं काही वाकडं होत नाही, अशा माणसाशी भांडता येत नाही. मी मागल्या पायरीवर जाऊन बसले. आक्का फणसाच्या आठळ्या सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं, हसत हसत. ती हसली नाही.

"माहित्ये मला," ती म्हणाली. "मीच आणलंय ते."

मग तिने, आठळ्या सोलता सोलता, जे सांगितलं ते असं. विशीत असताना ती घाटावर, मिशनच्या एका दवाखान्यात होती. तीन वर्षं. बाळंतपणाचं काम शिकली. तिथे एक गोरी सिस्टर होती, म्हातारी होत आलेली. तिने आक्काला हाताला धरून शिकवलं. सिस्टर आपल्या देशी परत निघाली तेव्हा तिने स्वतःच्या गळ्यातलं हे पदक काढून आक्काच्या गळ्यात घातलं.

"मग तुम्ही इकडे कशा आलात?"

"भाऊची मॅट्रिक होती. आईचं दुखणं. त्याला करून घालायला कोणी हवं म्हणून आईने बोलावलंन. म्हटलं, परीक्षा झाली की जाईन." तिने आठळी टोपलीत टाकली. "राहिलंच ते."

"आणि भाऊंना हे माहीत नाही?"

"दवाखान्याचं माहित्ये की. पण ते बोलायचं नाही असं आईचं होतं. मिशनमध्ये, कुणाकुणाला शिवायचं, रक्तबिक्त... लोकांना सांगितलंन, आक्का पुण्याला मावशीकडे असत्ये. मग आई गेली आणि याने घरातल्या जुन्या जिनसांची यादी केलीन. माझी ट्रंक उघडलीन. विचारलंन, हे काय? मी म्हटलं, जुनं आहे." तिने पुढची आठळी उचलली. "खोटं नव्हतं ते."

"तुम्ही परत मागितलं नाहीत?"

"एकदा मागितलं. मोती अंगाला लागला पाहिजे गो, नाहीतर मरतो तो. तांदळात घालून काय उपयोग? तर म्हणाला, तू कुठे मिरवणार आहेस."

मला तेव्हाच आत जाऊन भाऊंना विचारायला हवं होतं. आक्का म्हणाली, "तू काही बोलू नकोस," आणि मी तेवढ्यावर गप्प बसले. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. इतकंच नाही. डिसेंबरात संमेलन ठरलं आणि भाऊंनी पदकासाठी काचेची पेटी करवून घेतली, तेव्हा माझं अक्षर बरं म्हणून पाटी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. 'मूळमाता. पिढी शून्य.' मी ती लिहिली. सुवाच्य लिहिली.

संमेलनाच्या आधी आक्काने भाऊंना एकदाच विचारलं, माझ्या देखत. "त्या दिवशी घालू का रे मी ते? नंतर तुझ्या पेटीत ठेव."

"वेडी आहेस का," भाऊ म्हणाले. "पेटीत बसवलं मी ते. मखमलीवर पक्कं चिकटवलंय."

पदक कुणी चिकटवतं का, असं तेव्हा माझ्या मनात आलं आणि गेलं.

संमेलनाला दोनशेच्या वर माणसं आली. पुण्या-मुंबईची, बडोद्याची, दोघं परदेशातली. सगळ्यांच्या छातीवर नंबराचे बिल्ले. दारात नव्या कुलवृत्तांताच्या प्रतींचा ढीग, आणि मुखपृष्ठावर अर्थातच टोपीवाली बेगम. व्यासपीठाशेजारच्या टेबलावर काचेची पेटी, आणि पेटीपाशी राखणीला मी. माझ्याही छातीवर बिल्ला होता. नंबर नव्हता. नुसतं 'भाडेकरू'.

रांग लावून लोक पदकाला नमस्कार करत होते. शिकलेली माणसं, डॉक्टर, इंजिनियर. एका आजोबांनी तर पेटीपुढे नारळ ठेवला. टोपीबद्दल एकानेही विचारलं नाही. एक भला थोरला माणूस आपल्या मुलीला म्हणाला, "बघ, नाक अगदी आत्यावर गेलंय." मी मनातल्या मनात म्हटलं, या लोकांना दिल्लीच्या बाजारातली कुठलीही बाई चालली असती.

पहिली पंगत बसायच्या आधी आक्का आली. तिला सकाळपासून मागे मोदकांवर बसवलं होतं. कपाळावर पिठाचा हात लागलेला. ती सरळ पेटीपाशी आली आणि झाकण उचललं.

"अहो आजी, हात नको," रांगेतली एक बाई म्हणाली. पुण्याची दातांची डॉक्टर, भाऊंच्या चुलतभावाची सून.

"माझं आहे ते," आक्का म्हणाली. मोठ्याने नाही. पण मंगल कार्यालयात आवाज घुमतो.

भाऊ व्यासपीठावरून खाली आले. चेहऱ्यावर यजमानाचं हसू तसंच ठेवून त्यांनी आक्काच्या दंडाला धरलं आणि लोकांना म्हणाले, "क्षमा करा हं. आक्काला हल्ली विसर पडतो. वय झालं. कुठलंही काही दिसलं की माझं म्हणत्ये."

माणसं समजूतदारपणे मान हलवायला लागली. कुणीतरी खुर्ची आणली. कुणी म्हणालं, "पाणी द्या त्यांना." साठ वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलेला माणूस दोनशे लोकांपुढे तिला खुळी ठरवत होता, आणि ते इतक्या मायेने, की क्षणभर मलाही तिची कीव आली असती.

"त्यांना काही विसर पडलेला नाही," मी म्हटलं. "आक्का मिशनच्या दवाखान्यात होत्या. तिथल्या सिस्टरने दिलंय ते त्यांना."

"हिचा आमच्या कुळाशी काय संबंध?" भाऊंनी माझ्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

आक्काने आमच्या दोघांकडेही लक्ष दिलं नाही. अंबाड्यातला आकडा काढून तिने तो पदकाच्या कडेखाली घातला आणि जोर लावला. ऐंशीच्या बाईच्या बोटांत एवढा जोर असतो हे मी तेव्हा पाहिलं. चर्र आवाज झाला, मखमलीचा तुकडा फाटून आला, दोन-तीन मोती सुटून फरशीवर टपटपले. भाऊ "अगो, अगो!" करत खाली वाकले. निम्मी रांग खाली वाकली. डॉक्टर, इंजिनियर, सगळे फोनचे दिवे लावून टेबलाखाली मोती शोधायला लागले.

आक्काने पदक उलटं केलं, नखाने मखमल आणि डिंक खरवडला आणि ते दातांच्या डॉक्टरीणबाईपुढे धरलं. "वाच."

मागे सोन्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. बाईने चष्मा वर केला. "टू सुमती... विथ लव्ह... आणि खाली, फ्रॉम हर सिस्टर."

मी भाऊंकडे पाहिलं. ते टेबलाखालून वर येत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागचं हे त्यांनी वाचलेलं होतं. आज नाही, ट्रंक उघडली तेव्हाच. म्हणून तर तो डिंक.

"सुमती कोण?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

कुणाला माहीत नव्हतं. दोनशे माणसं एका आडनावाची, एकमेकांकडे बघत होती. पुतण्या, तोच तीन-अकरा-दोन, म्हणाला, "पुस्तकात बघा की." पानं उलटली गेली. भाऊंच्या घरचं पान सापडलं. वडिलांचं नाव, आईचं नाव, खाली भाऊंचं नाव ठळक टाइपात, शिक्षण, हुद्दा, निवृत्ती, छंद. आणि त्याच्या वर, बारीक अक्षरात : 'एक कन्या.'

एवढंच. नाव नाही, नंबर नाही. पिढी शून्यातल्या बेगमेचं माहेर शोधायला तीन महिने घालणाऱ्या माणसाने, रोज पानात आमटी वाढणाऱ्या बहिणीला 'एक' म्हणून निकालात काढलं होतं.

"सुमती मी," आक्का म्हणाली. पदक तिने पदरात घेतलं. "मोती सापडले का गो? दे इकडे." मग ती मागे मोदकांकडे गेली, कारण दुसरी उकड काढायची होती.

भाऊंनी काय केलं? माइक घेतला आणि सांगितलं, "पहिल्या पंगतीला बसून घ्यावे." लोक बसले. मोदकही खाल्ले, तिनेच केलेले. दारातल्या प्रतींचा ढीग संध्याकाळी जवळजवळ होता तेवढाच उरला, एवढंच काय ते.

चार दिवसांनी मला खोली सोडायची नोटीस मिळाली. तीत माडीच्या चतुःसीमा दिल्या होत्या. पूर्वेस जिना, पश्चिमेस कौलं. मी दुसऱ्या आळीत राहायला गेले, पुढल्या दाराने जाण्यायेण्याची मोकळीक असलेल्या घरात. काही दिवसांनी भाऊंनी कुलवृत्तांताचं शुद्धिपत्र छापल्याचं कळलं. त्यात होतं : 'एक कन्या' ऐवजी 'एक कन्या (सुमती)' असे वाचावे. बेगमेबद्दल अक्षर नव्हतं. ती मुखपृष्ठावर अजून आहे.

आक्काला भेटायला मी अधूनमधून जाते. एका सकाळी गेले तर पडवीत बडोद्याचे कुणी पाहुणे बसलेले, भाऊंचा फॉर्म भरत. आक्का चहाचे कप घेऊन बाहेर आली. गळ्यात काळ्या दोऱ्यात ते पदक, सुटलेले मोती परत बसवून घेतलेले. पाहुण्यांची नजर तिकडे गेली.

"हेच का हो ते मूळमातेचं?"

"हेच," भाऊ म्हणाले, जराही न अडखळता. "सध्या आक्काकडे सांभाळायला दिलंय."

निर्लज्जपणाला मर्यादा असते असं मला उगाच वाटत आलं होतं. मी आक्काकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवले. आणि मग त्या पडवीत मी तिला कधी करताना न पाहिलेली गोष्ट तिने केली. पाहुण्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि ती बसली.

"मला सिस्टरने दिलंन हे," ती पाहुण्यांना म्हणाली. "बाळंतपणं करायची मी दवाखान्यात. पहिलंच जे केलं ना, ते सांगत्ये तुम्हाला."

"आक्का," भाऊ म्हणाले, "आमटी लागेल गो खाली."

"लागू दे," आक्का म्हणाली. "तर ते मूल पायाळू होतं. आधी पाय दिसले मला. सिस्टर म्हणाली, घाबरायचं नाही, ओढायचं नाही..."